मे महिन्याच्या सुटीत शेतावरच भरवा मुलांचे शिबिर



मे महिना लागला की सोलापूर जिल्ह्यातील बहुतेक गावांत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. रब्बी ज्वारी निघून रान मोकळे झालेले असते, नांगरटी आटोपलेल्या असतात आणि खरिपाच्या पेरणीस अद्याप महिना-दीड महिन्याचा अवकाश असतो. त्याच सुमारास शाळांना सुटी लागते व पुण्या-मुंबईची भाचरे, पुतणे गावी येतात. पहिले चार दिवस आंबे, विटीदांडू आणि विहिरीवरच्या गमतीत जातात. पाचव्या दिवसापासून मुले मोबाईल घेऊन पंख्याखाली बसतात आणि घरातील मोठी माणसे कपाळाला हात लावतात. शहरात याच दिवसांत उन्हाळी शिबिरे भरतात. तेथे पालक पैसे मोजतात आणि मुलांना कुंडीत बी कसे रुजवावे हे शिकवले जाते. ज्याच्या घरचे पाच एकर रान मोकळे पडले आहे, त्याच्या मुलाने कुंडीत बी लावण्यासाठी शहरात जावे, हे काही पटत नाही.

दुसरी बाजू आपली. रानात माती किती खोल आहे, उतार नेमका कोणीकडे आहे, घरचे बियाणे किती टक्के उगवते, वळवाचा पाऊस किती मिलिमीटर झाला या चार गोष्टी पेरणीपूर्वी माहीत असाव्यात असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. आपण मान डोलावता आणि घरी गेल्यावर ते राहून जाते. यात आपला दोष नाही. बांधबंदिस्ती, खते, कर्ज, लग्नसराई यांतून मोजमापाला वेळ मिळत नाही. मुलांकडे मात्र वेळच वेळ असतो आणि मोजण्याची हौसही असते. या दोहोंची सांगड घालून घरच्या घरी दहा दिवसांचे शिबिर कसे भरवावे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ओहायओ राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०२ साली ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे एक मंडळ सुरू केले. मुले लिटमस कागदाने माती तपासत, मक्याचे निवडक बी लावून पाहत. यातूनच पुढे तेथील ‘फोर-एच’ ही ग्रामीण मुलांची मोठी चळवळ उभी राहिली. वडिलांना जे व्याख्यानातून पटत नसे, ते पोराच्या वाफ्यात दिसल्यावर पटे, हा तिकडच्या विस्तार कार्यकर्त्यांचा अनुभव आमच्याही उपयोगाचा आहे.

माझी पहिली चूक

आमची शेती थोरले बंधू पाहतात. मी नोकरीच्या गावी राहतो, पण सुटीत आम्ही सर्व भावंडे मुलांसह एकत्र येतो. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा असे शिबिर भरवले तेव्हा महाविद्यालयात करतो तसे वेळापत्रक केले. सकाळी न्याहारी, मग नऊ ते बारा शिवारफेरी. तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पुण्याचा अकरा वर्षांचा भाचा बांधावरच मटकन खाली बसला. डोके दुखते, मळमळते म्हणू लागला, अंग घामाने थबथबलेले. बंधूंनी त्याला उचलून लिंबाखाली नेले, सदरा काढून ओल्या पंचाने अंग पुसले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. तासाभरात तो सावरला. मात्र वहिनींनी त्या दिवशी मला जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही, आणि ते योग्यच होते. शेतीविषयाचा पदव्युत्तर पदवीधर असून बैलांनासुद्धा ज्या वेळी सोडतात त्या वेळी मी मुलांना रानात फिरवत होतो.

सोलापूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि काही दिवस ४३-४४ अंशांपर्यंत जातो. म्हणून रानातील काम सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी साडेपाचनंतरच ठेवावे. मधल्या वेळेत घरात, सावलीत बसून वही लिहिणे, हिशेब करणे, गोष्टी ऐकणे. प्रत्येक मुलाकडे टोपी किंवा उपरणे व पाण्याची बाटली असावी. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी पाजावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण मुलांकडूनच मोजून घ्यावे. साखर-मीठ मोजताना लहान चहाचा चमचाच वापरावा. ज्वारीची आंबील, ताक, कैरीचे पन्हे हेही उत्तम. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

शेततळे, विहीर आणि औषधांची खोली

शिबिराचा पहिला दिवस रानातील धोक्याच्या जागा दाखवण्यातच घालवावा. गावातील मुलांना त्या ठाऊक असतात असे आपण धरून चालतो. शहरातून आलेल्या मुलांना त्या मुळीच ठाऊक नसतात.

यात सर्वांत मोठा धोका आज विहिरीपेक्षा अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याचा आहे. डाळिंब व द्राक्षाच्या बागांमुळे आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे आपल्या भागात शेततळी पुष्कळ झाली. त्यातील प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले की तो तेल लावल्यासारखा निसरडा होतो. विहिरीला निदान पायऱ्या, कपारी असतात. शेततळ्यात पडलेल्या माणसाला धरायला काहीच नसते. पट्टीचा पोहणाराही तिरक्या कागदावरून वर चढू शकत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून अशा बातम्या येतात आणि बऱ्याचदा त्यांत दोन भावंडे एकाच वेळी गेलेली असतात.

तेव्हा पाहुणे येण्यापूर्वीच तळ्याला तारेचे कुंपण व फाटकाला कुलूप आहे ना ते पाहावे. चारही बाजूंना काठावर लोखंडी खुंट ठोकून, हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा. काठावर हवा भरलेली एक ट्यूब दोर बांधून कायम ठेवावी. चेंडू किंवा चप्पल पाण्यात पडली तर ती गेली असे समजायचे, काढायला उतरायचे नाही, हा नियम मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावा. पोहणे शिकवायचे असेल तर पायऱ्यांच्या विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून आणि पोहणारा मोठा माणूस पाण्यात असतानाच शिकवावे.

कीडनाशकांची खोली कुलपात असावी. पण तिचाही एक पाठ होतो. डब्यावरील चौकटीत रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. बंद डबे लांबून दाखवून कोणता रंग कोणत्या डब्यावर आहे ते मुलांना लिहायला सांगावे. आमच्या घरी या पाठाचा परिणाम असा झाला, की लाल त्रिकोणाच्या रिकाम्या डब्यात वहिनींनी जनावरांसाठी भरून ठेवलेले मीठ माझ्या मुलीने शोधून काढले. ते त्याच दिवशी खड्ड्यात पुरले.

मे महिन्यातील वळवाबरोबर विजा येतात. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात परतावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घेतल्यास जवळपासच्या विजेची सूचना मिळते. मोबाईलचा तेवढा उपयोग मुलांना जरूर करू द्यावा.

माती किती खोल?

आता मुख्य कामाकडे वळू. माझ्या मते शिबिराचे सर्वांत मोलाचे दोन दिवस मातीचे आहेत.

मुलांच्या दोन-तीन टोळ्या कराव्यात. मुली-मुले, गावची-शहरातली सरमिसळ करावी. प्रत्येक टोळीला पहार, खोरे, मोजपट्टी आणि वही द्यावी. रानाचा साधा नकाशा कागदावर काढून त्यावर नऊ-दहा खुणा कराव्यात, काही वरच्या अंगाला, काही मध्ये, काही ओढ्याकडेला. प्रत्येक खुणेवर मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि मातीची खोली सेंटिमीटरमध्ये लिहायची. खोल जागी एक मीटरपर्यंत खणले तरी पुरे, आणि तेथे मोठ्या माणसाने हात लावावा. खड्डे त्याच दिवशी बुजवावेत.

या आकड्यांचे काय करायचे? रब्बी ज्वारी आपल्याकडे जमिनीत साठलेल्या ओलीवर येते आणि ओल किती साठणार हे मातीच्या खोलीवर ठरते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने म्हणूनच जमिनीच्या खोलीनुसार वाणांची शिफारस केली आहे. साधारण ३० सें.मी. पर्यंतच्या हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, ६० सें.मी. पर्यंतच्या मध्यम रानात फुले सुचित्रा, आणि त्याहून खोल भारी रानात फुले वसुधा, फुले यशोदा असे वाण घ्यावेत. मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही आपल्या घराघरांत पोचली ती तिच्या भाकरीच्या गुणामुळे. पण तिलाही मध्यम ते भारी जमीन लागते.

आमच्या रानात बंधू वर्षानुवर्षे सगळीकडे मालदांडीच पेरत. ओढ्याकडे ती कमरेच्या वर जाई आणि वरच्या पट्ट्यात पोटऱ्यातच वाळू लागे. ‘वरचं रान वांझ आहे’ असे आमचे वडीलही म्हणत. मुलांनी खणले तेव्हा वरच्या तीन खड्ड्यांत २४, २८ आणि ३१ सें.मी. वरच मुरूम लागला. खालच्या खड्ड्यात ९० सें.मी. ला माती संपली नव्हती. रान वांझ नव्हते, उथळ होते. बंधूंनी आकडे दोनदा वाचले, स्वतः पहार घेऊन एक खड्डा आणखी घेतला आणि काही न बोलता वही खिशात घातली. त्या रब्बीत वरच्या पट्ट्यात फुले अनुराधा पेरली गेली. वरच्या पट्ट्याला कणसे लागून ती भरलेली आमच्या घराने पहिल्यांदा पाहिली. खालच्या रानाएवढे उत्पन्न आले नाही, येणारही नाही, पण पेरलेले वाया गेले नाही.

ओल टिकवून शेती करण्याचे शास्त्र ज्या ठिकाणी रुजले त्यांपैकी एक आपले सोलापूर आहे, हेही मुलांना सांगावे. १९३३ साली येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाऊस, माती आणि ओल यांच्या मोजमापावर आयुष्य वेचले. हे सगळे काम सुरू झाले ते पहार, मोजपट्टी आणि वही यांवरच.

खणलेल्या मातीचे आणखी खेळ होतात. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून ढवळून ठेवले की वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असते. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसले तर चुनखडी आहे. डाळिंब, द्राक्षाची कोवळी पाने पिवळी का पडतात याचे एक कारण तेथेच सापडते, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला मिळत नाही. नांगरट न झालेल्या रानातील भेगांत तार सोडून खोली मोजणे हा लहानग्यांचा आवडता उद्योग. सर्वांत खोल भेग शोधणाऱ्याला पहिला आंबा.

माती परीक्षणाचा नमुनाही याच वेळी घ्यावा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, २० ते २२ सें.मी. खोल खड्डे घेऊन कडेची माती गोळा करावी. ती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत जावे. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती घेऊ नये.

शंभर बियांची परीक्षा

शिबिर दहा दिवसांचे असावे असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी, की सोयाबीनची उगवण मोजायला आठ दिवस लागतात. हे काम पहिल्याच दिवशी सुरू करावे. घरच्या पोत्यातून न निवडता मूठभर बी काढावे आणि शंभर दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट पसरून गुंडाळी करावी व सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. गोणपाट ओलसर राहावे, पाणी निथळू नये. अशा तीन गुंडाळ्या वेगवेगळ्या मुलांनी कराव्यात. आठव्या दिवशी मूळ व कोंब दोन्ही नीट आलेली रोपेच मोजावीत.

सत्तर किंवा अधिक रोपे आली तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे, म्हणजे ६० टक्के उगवणीला ३५ किलो. ६० च्या खाली गेल्यास ते बियाणे पेरू नये.

दुसऱ्या वर्षी आमच्या मुलांच्या तीन गुंडाळ्यांत ५५, ५२ आणि ५६ रोपे निघाली. बंधू म्हणाले, “पोरांचा खेळ तो, माझं बी डोळ्यांनी बघितलेलं आहे.” बी दिसायला खरोखरच टपोरे होते. पण सोयाबीनच्या दाण्याचे साल अतिशय पातळ असते व कोंब सालीच्या लगत असतो. पोते उंचावरून आदळले, थप्पी फार उंच लावली की दाणा वरून चांगला आणि आतून मुका होतो. ट्रॉलीतून पोती कशी उतरवली होती हे बंधूंना आठवले. त्यांनी स्वतः पुन्हा शंभर दाणे लावले. ५४ आले. ते बियाणे बाजारात गेले आणि पेरणीसाठी दुसरे आणले. दुबार पेरणीची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला त्या चार गोणपाटांची किंमत सांगायला नको.

पाऊस आणि उतार

सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवला की पर्जन्यमापक तयार होतो. तळाच्या खळग्यात खडे टाकून, सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत पाणी भरावे व ती शून्याची रेघ समजावी. पुढे मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. घर किंवा झाड यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर तो मोकळ्यात खांबाला बांधावा. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, हवामान खात्याची वेळही तीच आहे. मग हिशेब घालावा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. वळवाचा २० मि.मी. पाऊस म्हणजे एकरी ८०,००० लिटर, दहा हजार लिटरचे आठ टँकर. बाग जगवायला टँकर विकत घेतलेल्या घरातील मुलाला हा गुणाकार पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

ते आठ टँकर बांध फोडून कोठे जातात, हे उतारावरून कळते. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन मुलांनी दोन टोकांना उभे राहावे. दोन्हीकडची पाण्याची पातळी सारखी असते, तेव्हा जमिनीपासून तिच्या उंचीतला फरक म्हणजे उतार. समान पातळीच्या जागांवर फक्की टाकत गेले की समपातळी रेषा डोळ्यांसमोर उभी राहते व पेरणी, सरी, बंदिस्त वाफे कोणत्या दिशेने हवेत ते दिसते.

रात्र, आणि घरचे काम

जेवणानंतर गच्चीवर किंवा अंगणात आकाश पाहावे. मे महिन्याच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती आणि तिच्या पुढे चित्रा सापडते. आग्नेयेला तांबूस ज्येष्ठा वर येत असते. रोहिणी, मृग मात्र पुढे पावसाला सुरुवात होते तेव्हा रात्री दिसत नाहीत. ‘मृग निघाला’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, आणि सूर्याबरोबर ते दिवसा उगवते. हे आजोबांना बोलायला लावून समजावून घ्यावे. त्यांच्याकडूनच १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला किती परसांवर पाणी होते, खडी फोडायला कोण कोठे गेले, सुकडी कशी लागत असे, हेही वहीत उतरवून घ्यावे.

एका सकाळी लवकर निघून नान्नजच्या माळावर जाऊन यावे. १९७९ साली हे माळढोक अभयारण्य झाले. माळढोक आता क्वचितच दिसतो, त्याची आशा मुलांना लावू नये. काळवीट मात्र दिसतात.

दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. शिबिराच्या नावाखाली मुलांना खत पांगवायला किंवा काशा वेचायला लावू नये. मुले ते लगेच ओळखतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. दुसरे, दहा पोरे जमली की घरातील बायकांची कंबर मोडते. शिबिरात रात्रीचे जेवण मुलांनी व पुरुषांनी करावे असा आमच्याकडे आता नियम आहे. पहिल्या रात्रीच्या भाकरीत मला जिल्ह्याचा नकाशा स्पष्ट दिसला होता, अक्कलकोटाकडचा कोपरा थोडा करपलेला. पिठले बरे झाले होते. वहिनी त्या वेळी ओट्यावर बसून लगोरी खेळणाऱ्या पोरींना गुण मोजून देत होत्या.

मुले जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परततात. वही मात्र शेतावरच ठेवावी आणि पर्जन्यमापक वाचण्याचे काम घरातील एकाने अंगावर घ्यावे. आमच्याकडे ते बंधूंकडे आले, कारण दुसरे कोणी रोज साडेआठला रानात नसते. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. गेल्या सप्टेंबरात, पूर्वी उन्हाने बांधावर बसलेला तोच भाचा, शाळेला निघण्यापूर्वी पुण्याहून रोज फोन करत असे, “मोठे मामा, आज किती?” तो वेळेआधीच विचारतो म्हणून बंधू रागावत, आणि तरी बाटलीकडे चालू लागत.